वाचकांचे प्रश्न : मातृवंदनेचा हप्ता, लाल पट्टी आणि ओटीपीची अडचण

प्रश्न : पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी, आमच्याकडे दारव्हा तालुक्यात आली. सासर आर्णीकडचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला दोन हप्त्यांत पैसे मिळतात; त्यातले 3000 रुपये गरोदरपणात जमा झाले. नात आता 7 महिन्यांची झाली, तरी 2000 आले नाहीत. आशाताई म्हणतात फॉर्म भरला, बँकेतले म्हणतात काही आलं नाही. कोणाचं खरं मानावं?

उत्तर : बहुतेक दोघांचंही खरं असेल. दुसऱ्या हप्त्याला दोन गोष्टी लागतात : बाळाची जन्मनोंद, आणि लसींची पहिली फेरी, म्हणजे 14 आठवड्यांच्या डोसापर्यंतच्या लसी. माहेरच्या बाळंतपणात गाडी इथंच अडते. लसी टोचल्या माहेरच्या उपकेंद्रात, अर्ज सासरच्या आशाताईंकडे, आणि या दोन्हींच्या मधला दुवा एकच : माता-बाल संरक्षण कार्ड. ते पेटीत ठेवलेलं असतं.

कार्डातलं लसींचं पान उघडा. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या रकान्यात तारीख हवी; नुसती बरोबरची खूण पुरत नाही. 10 आठवड्यांना आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) यांचे रकाने कोरे दिसले तर घाबरू नका, त्या लसी तेव्हा द्यायच्याच नसतात. 14 आठवड्यांचा रकाना कोरा असेल तर मात्र कारण तेच. आधीच्या डोसानं ताप आला म्हणून आजी पुढचा डोस टाळते, हे घरोघरी चालतं. राहिलेला डोस आताही घेता येतो, फेरी पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

तारखा पूर्ण असतील तर खातं पाहा. हा पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधारवर येतो. आणि आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेला जोडलं गेलं, तिथं जातो. पहिल्या हप्त्यानंतर बचत गटासाठी किंवा लाडकी बहीणसाठी पोस्टात नवं खातं काढलं का, ते लेकीला विचारा. लाडकी बहीणचे पैसे जिथं पडतात, त्याच पासबुकात आधी एन्ट्री मारून घ्या. तिथंही नसेल तर माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. जावयाचं खातं इथं कामाचं नाही. आधारवर माहेरचं नाव असलं तरी चालतं, अर्जातही तेच हवं.

पहिल्या अपत्यासाठी मुदत शेवटच्या पाळीपासून 570 दिवसांची, त्यातले सुमारे 280 गरोदरपणातच जातात. नात 7 महिन्यांची म्हणजे तुमच्या हातात अडीच महिन्यांच्या आसपास उरलेत. कार्डातल्या लसींच्या पानाचा फोटो आजच आर्णीच्या आशाताईंना पाठवा.

प्रश्न : अंगणवाडीत मुलाच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, लाल आली. पोरगा 14 महिन्यांचा, खेळतो, हसतो. माय म्हणते आपल्या घराण्यातच पोरं बारीक. आता 14 दिवस दवाखान्यात राहा म्हणतील, आणि इकडे कापसाची वेचणी सुरू आहे. (चिखलदरा तालुका)

उत्तर : घराण्यात उंची येते, दंडावरचं मांस नाही. दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, 11.5 ते 12.5 पिवळा, त्याच्या वर हिरवा. मात्र पट्टी पुन्हा एकदा लावून घ्या : सदरा काढून, डावा हात सैल सोडून, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे. पट्टी आवळली तर हिरव्याचाही लाल होतो.

लाल आला म्हणजे प्रत्येकाला दवाखाना लागतोच असं नाही. भूक चांगली, आजार नाही, सूज नाही, अशा मुलाला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवतात, म्हणजे अंगणवाडीतच दिवसभरात अनेकदा खाऊ घालून दर आठवड्याला वजन पाहतात. मूल घासच घेत नसेल, ताप, जुलाब किंवा धाप असेल, तर दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र. तिथं सुमारे 14 दिवस. सूज घरीच तपासा : दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर वेचणी सोडून त्याच दिवशी निघा. केंद्रात आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, दाखल होतानाच पासबुक सोबत न्या.

घरच्या खाण्याचं बोलायचं तर घोटाळा बहुतेक वरणाच्या पाण्यात असतो. वरचं निवळ पाणी भातावर घालून भरवलं की पोट भरतं, अंगी काही लागत नाही. भात-वरण चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट कालवा, वरून एक चमचा तेल, चिमूट-दोन चिमूट शेंगदाण्याचा बारीक कूट. या वयाला पाऊण ते पूर्ण वाटी (वाटी पाव लिटरची) दिवसातून 3 ते 4 वेळा, मधे एक-दोनदा काही खाऊ, आणि आईचं दूध सुरूच. अंगणवाडीचं पाकीट त्याच्या एकट्याचं आहे. घरात 4 पोरं असली की ते संध्याकाळपर्यंत संपतं, तिथं तुम्हालाच जरा कडक व्हावं लागेल. तुमच्यासारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत 7 महिन्यांपासून 6 वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यात 4 दिवस अंडं किंवा केळी मिळतात, ती सोडू नका. वेचणीला बाहेरगावी जाणार असाल तर सेविकाताईंकडून पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या मोबाइल ॲपमध्ये) नाव तिकडच्या अंगणवाडीला वळवून घ्या.

प्रश्न : सेविका बाळाचं घरपोच आहाराचं पाकीट देत नाही, चेहरा आणि ओटीपी मागते. आधारचा मोबाइल नंबर कधीच बंद पडला.

उत्तर : ताईंचा हट्ट नाही. 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, म्हणून आईनं स्वतः आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडावा. तिथं अंगठा लागतो म्हणून दुसऱ्या कोणाला पाठवून जमत नाही. बाळाचा चेहरा लागत नाही, आईचा लागतो.

प्रश्न : पहिली मुलगी मार्च 2023 ची, दुसरी आत्ता 3 महिन्यांची. मुलींसाठीच्या राज्याच्या लेक लाडकी योजनेचा फायदा कोणाला?

उत्तर : धाकटीला. योजना 1 एप्रिल 2023 किंवा नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी हवी, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला 1 लाखापर्यंतचा. जन्मानंतर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000. तुमच्या बाबतीत आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाचं कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागेल. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असते, हे जाता जाता. अर्ज अंगणवाडीतच द्यायचा. आणि दुसरी मुलगी म्हणून मातृवंदनेचे 6000 वेगळे आहेत, जन्मापासून 270 दिवसांच्या आत. 3 महिने त्यातले गेले.