अण्णांचे बैल आणि तुझा प्रश्न

ईरा,

पोळ्याला मंडळात तुम्ही मुलांनी मातीचे बैल रंगवले, पुरणपोळी खाल्ली, आणि परत येताना गाडीत तू विचारलंस, "एक दिवस पाया पडायचं आणि बाकी वर्षभर नाकात दोरी घालून कामाला जुंपायचं, हे तुला चालतं? अण्णाआजोबा पण असंच करायचे?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण ते लागलं मला. तू अण्णांना पाहिलंस ते व्हिडिओ कॉलवर, तेही अंथरुणाला खिळल्यावर. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा तुझी परीक्षा होती, मी एकटीच जाऊन आले. म्हणून हे लिहिते. वाचताना कुठे अडलं तर बाबाला विचार.

आपलं गाव अहमदपूर तालुक्यातलं. जमीन काळी, पण पाणी पावसाचंच. खरिपात हायब्रीड ज्वारी, उडीद, तूर. पाऊस धड झाला तर रब्बीला हरभरा, करडई. नांगरट, पेरणी, कोळपणी, सगळं बैलांवर. ट्रॅक्टर भाड्याने मिळायचा, पण अण्णांना ते भाडं परवडायचं नाही. त्यामुळे एखाद्या बैलाने वैरणीला तोंड लावलं नाही, तर घरात कुणी आजारी पडल्यासारखी काळजी असायची.

पहाटे अंधारातच ते गोठ्यात जायचे. कडबा टाकायचा, शेण ओढायचं, बैलांच्या अंगावरून हात फिरवायचा, मग घरात येऊन चहा. बैलांच्या आधी चहा घेतलेले अण्णा मला आठवत नाहीत. आम्हा भावंडांच्या पाठीवरून हात फिरवलेलाही फारसा आठवत नाही, आणि त्याचा मला रागही यायचा. बैलांशी ते तासन्‌तास बोलायचे, आमच्याशी आईमार्फत. "पोरीला विचार, वह्या हायेत का." पोर समोरच उभी असायची. पण दुसऱ्या दिवशी वह्या आलेल्या असायच्या, हेही तितकंच खरं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. मंडळात ती होत नाही, म्हणून सांगते. बैल धुऊन आणले की आई वाटीत हळद आणि तूप कालवून द्यायची. जू घासून घासून बैलाच्या खांद्यावरची कातडी जाड झालेली असते, केस गेलेले, मधेच एखादी भेग. अण्णा आधी तो भाग कोमट पाण्याने शेकायचे, मग पळसाच्या पानाने हळद-तूप चोळायचे. घाई नाही. त्या भेगेपाशी आले की त्यांचा हात आपोआप हळू व्हायचा. मलाही लावू द्यायचे. "दाबू नको, तिथं दुखतंय त्याला." शेवटी बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही, काम कितीही अडलेलं असो.

म्हणजे बैलाला दुखतं हे त्यांना माहीत होतं. तू लगेच म्हणशील, माहीत होतं तर मग पोळा झाल्यावर पुन्हा जू का ठेवलं? माझ्याकडे उत्तर आहे ते एवढंच, की ठेवलं नसतं तर आम्ही खाल्लं काय असतं. ते पुरेसं आहे का, मला सांगता येत नाही.

वेसणीचंही सांगते, कारण तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. गोऱ्ह्याला औताला धरायच्या आधी वेसण घालतात. आमच्या गाईचा मण्या मोठा झाला तेव्हा त्याला झाडाला बांधून चार माणसांनी धरला आणि एकाने दाभणाने नाकाचा पडदा टोचला. त्याचं ते ओरडणं ऐकून मी आजीच्या पदराआड लपले. अण्णांनी त्याचं तोंड छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं, सदरा लाळेने आणि रक्ताने भरला होता. त्या रात्री ते जेवणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते नेहमीसारखे जेवले. मग कंदील आणि हळद-तेल घेऊन गोठ्यात गेले आणि खूप उशिरा परत आले. हा माणूस कठोर आहे की मायाळू, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमचंही घर हललं, माळवदाची माती खाली यायला लागली. अण्णांनी आजीला उचलून आणि आम्हाला ओढत अंगणात आणलं, आणि विळा घेऊन गोठ्यात शिरले, दावी कापायला. भिंत पडेल म्हणून आई ओरडत होती. ते थांबले नाहीत. मामा म्हणतो, त्यांनी बैल आधी सोडले आणि मग आम्हाला बाहेर काढलं. मी म्हणते, आधी आम्ही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि सगळंच छान होतं असंही नाही. मिरवणुकीत बैल धरायचा मान मामाचा. मी शिंगांना हिंगूळ लावायची, बेगड चिकटवायची, बाशिंग बांधायची, आणि बैल निघाले की दारातच थांबायची. आई बैलांच्या पायांवर पाणी घालून ओवाळायची, पोळी भरवायची, पण मारुतीच्या देवळाला फेरी घालायला बायका नसायच्या. असं का, हे मी अण्णांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "तसंच असतंय." तुझ्या प्रश्नाला मी तेवढंच उत्तर देऊ नये असं वाटतं.

आता हरण्याचं. २००१ साली मी कॉलेजसाठी औरंगाबादला गेले. त्या वर्षी हरण्या म्हातारा झाला होता, औताला चालत नव्हता. अण्णांनी त्याला बाजारात विकला आणि माझ्या हॉस्टेलचे काही पैसे त्यातून भरले. म्हातारा बैल कोण घेतं आणि कुठे नेतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी त्यावर बोललं नाही. विकलेल्या बैलाचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत, म्हणून ते खांद्यावर टाकून अण्णा आले, आईच्या हातात पैसे दिले आणि न जेवता शेताकडे गेले. मी ते पैसे घेतले. आज आपण ज्या घरात राहतो तिथवर येण्यात त्या पैशांचाही वाटा आहे. तुझा प्रश्न मला लागला तो यामुळे.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला कायद्याने बंदी आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल, मलाही वाटलं. पण मामा सांगतो, म्हातारा बैल आता कुणी विकत घेत नाही आणि दुष्काळात पोसवतही नाही, म्हणून लोक जोडी ठेवायलाच नको म्हणतात. त्याने स्वतः ट्रॅक्टर घेतलाय. तरी कोळपणीपुरती एक लाल कंधारी जोडी अजून गोठ्यात आहे. अण्णांनी हिंडता-फिरता होते तेव्हा माळेगावच्या यात्रेतून आणलेली ती शेवटची जोडी. मामा ती विकणार नाही म्हणतो. पुढे काय करणार, ते त्यालाही माहीत नाही.

पुढच्या पोळ्याला मंडळात यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मला वाईट वाटेल, पण त्यासाठी येऊ नकोस. डिसेंबरात गावी जाऊ तेव्हा मामाला वेसणीबद्दल जरूर विचार. त्याने स्वतःच्या हाताने घातली आहे, तो माझ्यापेक्षा नीट सांगेल. तू मांस सोडलंस तेही त्याला सांग, तो हसणार नाही. पहाटे उठणार असलीस तर वैरण टाकायला तुला बरोबर नेईल. झोपायचं असेल तर झोप, मी उठवणार नाही.

तुझी,
आई