साडेचार वर्षांचा मुलगा ‘काकी’ला ‘ताती’ म्हणतो. जीभ जड आहे म्हणून जिभेखालची दोरी कापून घ्यावी का?

दोरीचं आधी सांगून टाकते. ‘क’ येत नाही म्हणून दोरी कापू नका.

स्वतः एकदा ‘क’ म्हणून बघा. जिभेचं टोक काहीच करत नाही, खालच्या दातांमागे पडून असतं. जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकतो, हवा अडते आणि सुटते. दोरी असते पुढे, टोकाच्या बाजूला. ती खरोखर आखूड असती तर ल, र, ट यांची पंचाईत झाली असती. तुमचा मुलगा तर जिभेचं टोक दातांना लावून ‘त’ इतका सराईत म्हणतो की ‘क’च्या जागीही तोच घालतो. जीभ वर करून वरच्या ओठाला लागत असेल तर हा विषय इथेच संपवा. शेजारीपाजारी सांगतात ते वेखंड उगाळून चाटवणं आणि पोपटाचा उष्टा पेरू, हेही त्यातच आलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, खान्देशातच काम करते. त्यामुळे तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते तुम्ही लिहिलेले तीन शब्द. काकीला ताती, गाडीला दाडी, केळ्याला तेय. पहिल्या दोहोंत शिस्त बघा. ‘क’चा ‘त’ होतो आणि ‘ग’चा ‘द’. ‘ग’चा ‘त’ किंवा ‘क’चा ‘प’ असं भलतंच काही होत नाही. घशाजवळचा प्रत्येक आवाज तो दातांजवळ आणतो, म्हणजे त्याने मनाशी एक नियम बसवलाय. कितीतरी भाषांतली लहान पोरं हा नियम वापरतात आणि बहुतेक जण साडेतीन-चारपर्यंत आपणहून सोडतात. तुमच्या मुलाने अजून सोडलेला नाही. घाबरण्यासारखं काही नाही, पण ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून आणखी वर्षभर बसूनही राहू नका. या वयात परक्या माणसालाही पोराचं जवळजवळ सगळं बोलणं कळायला हवं.

आता ‘तेय’. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘क’चा ‘त’ त्याचा स्वतःचा. ‘ळ’चा ‘य’ मात्र तुमच्या घरचा. आजी ‘केय’ म्हणते, डोळ्याला ‘डोया’ म्हणते, पाण्याला ‘पानी’, आणि तो तेच शिकला. हा दोष नाही, ही अहिराणी आहे, आपल्या खान्देशातली बोली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांच्या कागदावर शाळेने ‘ळ आणि ण येत नाही’ असं लिहिलेलं असतं. मी सोबत आलेल्या आजीशी दोन मिनिटं बोलते आणि ती ओळ खोडते. कसोटी साधी आहे: घरातली, गल्लीतली त्याच्या वयाची इतर पोरं तसंच बोलतात का? तुम्ही लिहिलंय की मोठी बहीण काकी, गाडी स्वच्छ म्हणते पण केळ्याला केयच म्हणते. झालं, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे.

एकटा ‘क’ त्याला काढता येतो का, हे घरी बघा. कावळा कसा ओरडतो, विचारा. शब्दात नाही पण खेळात ‘क’ निघतो, असं बऱ्याचदा दिसतं. तसं असेल तर अडचण जिभेची नाही. मनात ‘क’ आणि ‘त’ यांचे दोन डबे हवेत, त्याच्याकडे अजून एकच आहे. मग शंभर वेळा ‘क म्हण, क म्हण’ करून काय होणार? तो त्याच डब्यातून काढून देतो आणि वर रडतो.

घरच्या कामाआधी कानांची तपासणी करून घ्या. ‘हाक मारली की येतो, ऐकू चांगलं येतं’ हे सगळेच आईबाप सांगतात. सर्दी-पडशात पडद्यामागे पाणी साठतं, कान दुखतोच असं नाही, पण ऐकू पुसट येतं. टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणं) आणि खेळत खेळत करायची ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं), दोन्हीला सुई नाही, दुखणं नाही. अंगणवाडीत जात असेल तर सेविकाताईंना सांगा. मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. तिथून पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. खाजगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघा. विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही.

आता घरचं काम. सुरुवात कानापासून. रोज पाच मिनिटं, एकाच ठरलेल्या वेळी, ‘क’चे दहा-बारा शब्द तुम्ही म्हणायचे आणि त्याने नुसतं ऐकायचं. म्हणून दाखवायची सक्ती नाही. मग जोड्या, ज्यात एका आवाजाने अर्थ बदलतो: कार आणि तार, गोरी आणि दोरी, नाक आणि नात. शेवटची तुमच्या घरी छान जमेल. आजी आणि बहिणीला समोर बसवा. आधी तुम्ही म्हणा आणि त्याने आजीचं नाक किंवा आजीची नात दाखवायची. हे चुकेनासं झालं की उलटं करा. तो हुकूम सोडणार, आजी दाखवणार. त्याला नाक हवं असताना तो ‘नात’ म्हणाला तर आजीने खुशाल नातीकडे बोट करावं. पोरगं चक्रावतं, हसतं, आणि आपला एक आवाज आपल्या मनासारखं काम करत नाही हे त्याला पहिल्यांदा कळतं. आपण सांगून ते कळत नाही. अहिराणीत तर याहून झकास जोडी आहे: ‘कथा जास?’ (कुठे जातोस?) विचारायला जातो आणि तोंडून ‘तथा’ (तिकडे) निघतं, म्हणजे प्रश्नाचं उत्तर त्यानेच देऊन टाकलं.

खेळातसुद्धा ‘क’ निघतच नसेल तर पाठीवर झोपवा, जीभ आपोआप मागे सरकते. गुळण्या करायला लावा. तोही मागचाच भाग. शब्दाच्या शेवटी ‘क’ लवकर येतो असा माझा अनुभव, म्हणून नाक, चाक, ताक आधी आणि काकी नंतर. ‘कू’ आणि ‘को’ हे ‘की’पेक्षा सोपे.

बाकी दिवसभर फक्त एक करा. ‘ताती आली’ म्हणाला की ‘हो, काकी आली! काकीने काय आणलं?’ म्हणा आणि गप्पा पुढे न्या. ‘नीट बोल’ नको, आणि पाहुण्यांसमोर ‘काकी म्हणून दाखव’ तर मुळीच नको. फुगे, शिट्ट्या, स्ट्रॉने फुंकणं हे आमच्यातलेही काही जण देतात. खेळ म्हणून असू द्या. त्याने उच्चार सुधारतात याचा भक्कम पुरावा नाही, आणि फुगा फुगवणारं पोर ‘ताती’च म्हणतं हे मी रोज बघते.

एकच शब्द दर वेळी वेगळा येत असेल, अ-आ-इ असे स्वरही बिघडत असतील, आवाज नाकातून येत असेल किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर घरी काही न करता थेट तपासणीला जा. ‘र’ आणि जोडाक्षरांची मात्र आत्ता घाई नको.

राहिलं त्याच्या वर्गातल्या बाईंचं म्हणणं, की घरी अहिराणी बंद करा. करू नका. दोन भाषांमुळे हा त्रास होत नाही. ‘क’ची अडचण आहे ती त्याच्या अहिराणीतही आहे आणि मराठीतही, आणि दोन्हीकडून एकदमच सुटेल. आजीशी बोलणं तोडलंत तर दिवसातला निम्मा सराव जाईल. बाईंना एवढंच सांगा की तो ‘तमय’ म्हणाला तर वर्गासमोर पुन्हा म्हणायला लावू नका, तुम्ही ‘कमळ’ म्हणून पुढे जा. आणि अक्षरं गिरवायला लागला की ‘क’च्या जागी ‘त’ लिहितो का, यावर लक्ष ठेवा. काही मुलांची बोलण्यातली सरमिसळ वहीत उतरते. तसं दिसलं तर वहीसकट घेऊन या.