अंडाशयाच्या ऑपरेशननंतर वजन हलत नसेल तर

ताई, आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा: एकच अंडाशय काढला, दोन्ही काढले, की फक्त गाठ? एक शिल्लक असेल तर हार्मोन्स बहुतेक वेळा नीट चालतात. दोन्ही गेले असतील तर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन एकदम घटतं, स्नायू झिजतात, चरबी पोटावर बसते. मग हार्मोनच्या गोळ्या आणि हाडं, दोन्हींबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. काहीही काढलेलं असो, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या.

तुम्ही नागपूरच्या फुटाळा तलावावर रोज ४५ मिनिटं चालता ते चांगलंच, पण त्यात जेमतेम दीडशे-दोनशे कॅलरी जातात. येताना तर्री-पोह्याची प्लेट झाली की हिशोब बरोबर! सावजी रश्श्यावरचं तेल तर विचारूच नका. मोठा चमचाभर म्हणजे १२० कॅलरी.

आठवड्यातले २-३ दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर पुशअप, १०-१२ चे ३ सेट. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत जड उचलू नका, टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. मूत्रपिंडं ठीक असतील तर दर किलो वजनाला १ ग्रॅम प्रथिनं घ्या.

पोट अचानक फुगू लागलं किंवा चार घासांतच भरलं, तर ती चरबी समजू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.