रक्त बघून चक्कर येते, मग नर्सिंग सोडायचं काय?

वॉर्डातली पहिली पोस्टिंग सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक माझ्याकडं समुपदेशनासाठी एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, ड्रेसिंग बघताना पोरगी पडली. कोर्स बदलायचा काय?" जीएनएम डिप्लोमा असो की बी.एस्सी. नर्सिंगची पदवी, काळजी तीच. फी भरलेली असते, गावभर सांगून झालेलं असतं, आणि मुलीनं मनात ठरवून टाकलेलं असतं की आपलं काळीजच कच्चं. हा समज साफ चुकीचा आहे. का, ते एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी दुसऱ्या सेमिस्टरची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स. सर्जिकल वॉर्डात मधुमेही पायाच्या जखमेचं ड्रेसिंग चाललं होतं. ही ट्रे धरून उभी होती, ती ट्रेसकट खाली आली. पुढं इंजेक्शनच्या वेळी पुन्हा तेच झालं. मग तिनं स्वतःच पळवाट काढली. ड्रेसिंगची ट्रॉली निघाली की ही चादरी बदलायला, तापाचे चार्ट भरायला, नाहीतर स्टोअरमध्ये. काम टाळत नव्हती, त्यामुळे सिस्टरांच्याही ध्यानात आलं नाही. शेवटी ती वॉर्डालाच जाईनाशी झाली.

"असं किती दिवस चालेल?"

"चालत नाही मॅडम. प्रॅक्टिकलची हजेरी कमी पडूलालीय."

तिची भीती खरी होती. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी पूर्ण १०० टक्के भरून द्यावी लागते. शिवाय लांब राहिलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी पाय मागं ओढतं.

"पडण्याआधी काय होतं, ते क्रमानं सांग."

"आधी धडधडतं. मग जांभई येते, घाम फुटतो, कानात दडे बसतात, डोळ्यांपुढं काळं येतं. मैत्रिणी म्हणतात, लांब श्वास घे, अंग सैल सोड. सोडलं की पडतेच."

तिच्या शेवटच्या तीन शब्दांत सगळं निदान आलं. उंचीची, अंधाराची, परीक्षेची भीती वाटली की नाडी आणि रक्तदाब वाढतात. तिथं अंग सैल सोडण्याचा फायदा होतो. रक्त, जखम आणि सुई यांच्या भीतीत मात्र दाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो. मेंदूपासून हृदयाकडं जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडं साठतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस पडतो. अशा वेळी अंग सैल सोडायला सांगणं म्हणजे पडायला मदत करणं. इथं करायचं ते नेमकं उलट.

ही प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यात असते, म्हणून आईवडिलांना आत बोलावलं आणि घरात आणखी कुणाला असं होतं का, ते विचारलं. वडील गप्प. आईच म्हणाली, "ह्यांना की! सुगीत इळा लागला बोटाला. एवढंसं रक्त, आणि बांधावर आडवे. आम्ही म्हटलं, ऊन लागलं."

मुलगी वडिलांकडं बघत म्हणाली, "बाबा घाबरट नाहीत. भाताचं पोतं एकटे उचलतात."

"मग तू घाबरट कशी?"

तिला उत्तर सुचलं नाही, आणि माझ्या मते काम तिथंच निम्मं झालं. 'मी कमकुवत आहे' याची जागा 'माझं शरीर असं वागतं' या वाक्यानं घेतली. पहिल्यावर काही करता येत नाही, दुसऱ्यावर करता येतं. अशा केसमध्ये बालपण खणत बसण्यापेक्षा आज शरीराला काय शिकवता येईल, यावर माझा भर असतो, आणि त्याचे परिणाम मी समाधानानं पाहिले आहेत.

उरलेलं निम्मं काम बीपीच्या मशीननं केलं. मोजायला तिलाच लावलं, पहिल्या वर्षाचं तिचं ते शिक्षणच होतं. बसून ११०/७०. मग उघड्या जखमेचा फोटो बघत राहिली तेव्हा ८८/५४, नाडी ५६. फोटो समोर ठेवूनच दोन्ही मांड्या, पोट आणि उजवी मूठ आवळायला सांगितली. पट्टा असलेला डावा हात सैल, नाहीतर आकडा चुकतो. ११४/७२.

"परत घेऊ काय? मशीन चुकलं असेल."

तिनं आणखी दोनदा घेतलं. दाब दोन्ही वेळा चढला. तिसऱ्या आकड्यानंतर ती खुर्चीत सरळ बसली आणि विचारलं, "हे वॉर्डात कुणाला कळल्याशिवाय करता येतं?" येतं. एप्रनखाली मांड्या आवळल्या तर कुणाला दिसत नाहीत.

ही पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात मांडली. हात, पाय, पोट १० ते १५ सेकंद आवळायचं, चेहऱ्यावर ऊब आली की थांबायचं. २० ते ३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, पूर्ण ढिलं सोडायचं नाही. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच फेऱ्या. आठवडाभर फक्त हेच, रक्त न बघता. दोन चुका हमखास होतात. मुली आवळताना श्वास रोखून धरतात, तो चालू ठेवायचा. आणि डोकं दुखेपर्यंत जोर लावतात, तेव्हा जोर कमी करायचा. ब्लड प्रेशरचा त्रास, गर्भारपण किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

त्यानंतर पायऱ्या. फोटो, मग व्हिडिओ, मग स्किल लॅबमधल्या रबरी हातावर सुई. नंतर वॉर्डात दुसरीनं दिलेलं इंजेक्शन बघणं, रक्त काढताना बघणं, छोटं ड्रेसिंग, मोठं ड्रेसिंग. प्रत्येक पायरी आधी बसून, मग उभ्यानं. दोनदा निभावल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. घाई बहुधा घरच्यांनाच असते. अर्ध्यात उठून पळालं तर भीती पक्की होते, म्हणून पायरी लहान ठेवावी, पण पूर्ण करावी.

पोस्टिंगच्या दिवशी उपाशी जायचं नाही. निघण्याआधी दोन ग्लास पाणी प्यायचं. गुडघे ताठ करून एका जागी उभं राहायचं नाही. जांभई आली की हातातली सुई किडनी ट्रेमध्ये ठेवायची, निर्जंतुक ट्रॉलीपासून मागं सरायचं आणि सिस्टरांना सांगायचं. इथल्या वॉर्डांत कानडी चालतं, म्हणून "तली तिरगाकत्तैत्रि" (चक्कर येतेय) हे वाक्य तिनं पाठ करून ठेवलं. मग खाली बसायचं किंवा आडवं होऊन पाय वर घ्यायचे.

ती मुलगी आता चौथ्या सेमिस्टरला आहे. ऑपरेशन थिएटरची पोस्टिंग तिनं पूर्ण केली. एकदा हाडांच्या शस्त्रक्रियेत बसावं लागलं, पण ती बसली, पडली नाही. बुडालेली प्रॅक्टिकल हजेरी सुट्टीत भरून काढली.

एक गोष्ट मात्र पालकांनी नीट तपासावी. रक्त न बघताही चक्कर येत असेल, धावताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपत असेल, झटके येत असतील, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. ईसीजी, झोपून आणि उभं राहून मोजलेला रक्तदाब, आणि हिमोग्लोबिन. मुलींमध्ये ते १२ च्या खाली असेल तर ॲनिमियाचा इलाज सोबतच सुरू करावा.