विषयांची चढाओढ रेखाटताना

समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्ये कोणत्या विषयाची चर्चा कधी वाढली-घटली हे आलेखात दाखवायचंय? सुरुवातीला छोटा, ओळखीचा काळ घ्या. नोव्हेंबर 2024 चा शेवट उत्तम: 23 तारखेला महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी, तेव्हाच पर्थची कसोटी, 24-25 ला आयपीएलचा लिलाव.

पोस्टची वेळ आधी भारतीय करा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) तशीच ठेवली तर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि रात्रीची चर्चा चुकीच्या तारखेत पडते. विषय ओळखायच्या शब्दयादीत देवनागरी, रोमन, दोन्ही रूपं हवीत. रिपोस्ट वेगळ्या मोजा.

तासागणिक मोजणी करून सहा-सात विषय ठेवा, बाकीचं ‘इतर’मध्ये. प्रवाही आलेख (स्ट्रीमग्राफ, म्हणजे नदीसारखे वळणारे पट्टे) देखणा दिसतो, पण त्याला सपाट तळ नसतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यांची जाडी डोळ्यांना फसवते. चढाओढीसाठी 100 टक्क्यांचा थरांचा आलेख (दर तासाला सगळ्या विषयांचे वाटे मिळून 100) घ्या, सर्वांत स्थिर विषय तळाशी. मात्र त्याखाली एकूण पोस्टची रेषा हवीच! निकालाच्या दिवशी क्रिकेटचा वाटा घसरला, तरी क्रिकेटच्या पोस्ट वाढलेल्याही असू शकतात. वाटा घटणं म्हणजे लक्ष उडणं नव्हे.

रेषा गुळगुळीत करताना मध्यकेंद्री चलसरासरी (प्रत्येक तासाच्या मागच्या-पुढच्या तासांची सरासरी) टाळा. तीत पुढचे तासही मिसळतात, म्हणून घटनेआधीच चढ दिसतो. मागच्या तीन तासांची सरासरी पुरते. शिखर जरा उशिरा दिसेल, ते आलेखावर लिहा.