ब्रिटनचे माजी पंतप्रधान अ‍ॅलेक डग्लस-होम यांना फर्स्ट क्लास (म्हणजे आपल्या रणजीच्या दर्जाचे) क्रिकेटपटू म्हणायचं का? आणि ते इतक्यात का थांबले?

म्हणायचं. का नाही म्हणायचं?

१९२४ ते १९२७ या काळात १० सामने, १४७ धावा, सर्वाधिक नाबाद ३७, १२ विकेट. ऑक्सफर्ड विद्यापीठ, मिडलसेक्स काउंटी, लंडनचा एमसीसी क्लब धरून सहा वेगवेगळे संघ. तेव्हा ते लॉर्ड डनग्लास म्हणून खेळायचे. फर्स्ट क्लास खेळलेले एकमेव ब्रिटिश पंतप्रधान. शाळेत असताना ईटनकडून हॅरोविरुद्ध लॉर्ड्सवर ६६ काढल्या होत्या, पण ऑक्सफर्डला 'ब्लू' हा मान काही मिळाला नाही, कारण केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात घेतलंच नाही.

आता तुमचा तो 'इतक्यात' ऐकून मला आमचा मामा आठवला. नोकरीनिमित्त मी ऑक्सफर्डला होतो तेव्हा तो राहायला आला होता. एप्रिलमध्ये त्याला पार्क्सवर, म्हणजे विद्यापीठाच्या मैदानावर, घेऊन गेलो. तिथे तेव्हा फर्स्ट क्लास सामन्यालाही तिकीट नसायचं, लोक कुत्रं फिरवता फिरवता ओव्हरभर उभे राहायचे. मामा माकडटोपी घालून बाकावर. काउंटीच्या व्यावसायिक फलंदाजांनी आधी विद्यापीठाच्या पोरांना यथेच्छ बदडलं, मग पोरं फलंदाजीला आली. त्यातला एक सलामीवीर सारखा बीट होत होता. मांडीवर बसला, बरगडीत बसला, तरी तासभर हलला नाही. धावा जेमतेम दहा-बारा.

मामा म्हणाला, "हा मुंबईच्या आमच्या पावसाळी कांगा लीगमध्ये सी डिव्हिजनलासुद्धा चालला नसता. आणि याच्या नावापुढे जन्मभर फर्स्ट क्लास?"

बोलणं त्या पोराबद्दल नव्हतंच. मी विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया ही आंतरविद्यापीठ ट्रॉफी खेळलो, ओपनिंग करायचो. पदवी हातात आली, बँकेत लागलो, किट माळ्यावर टाकलं. मामाच्या मते मी मैदान सोडून पळालो. त्याचं म्हणणं, पस्तिशीपर्यंत दर पावसाळ्यात ओल्या विकेटवर खेळत राहायचं आणि रणजीच्या संभाव्य यादीत नाव येतं का बघायचं. स्वतः तेच केलं त्याने. यादीत नाव आलं नाही.

मी त्याला बाकावरच विचारलं, की जार्डिन, काउड्री, डेक्स्टर, ब्रेअर्ली हे इंग्लंडचे कर्णधार कुठून आले? ऑक्सफर्ड-केंब्रिजमधूनच ना? जार्डिनचे वडील माल्कम यांनी १८९२च्या विद्यापीठ सामन्यात १४० काढल्या आणि पुढे मुंबईत वकिली केली. त्यांना कुणी पळपुटा म्हटलं? विद्यापीठात मनापासून खेळायचं आणि मग पोटापाण्याला लागायचं, हीसुद्धा क्रिकेटची एक रीतसर कारकीर्द आहे. मामा म्हणाला, "चहा कुठे मिळतो इथे?"

हां, हेही सांगायला हवं की डग्लस-होम यांच्या सहा संघांमध्ये फ्री फॉरेस्टर्स आणि हार्लेक्विन्सही होते. हे हौशी साहेबलोकांचे क्लब, तिथे घराणं आडवं येत नसे, उलट कामालाच यायचं. शेवटी शेवटी विद्यापीठांचे संघ काउंटीसमोर फारच लिंबूटिंबू झाले होते आणि २०२० नंतर त्यांचा फर्स्ट क्लास दर्जा गेला, ते योग्यच झालं. बारिया ट्रॉफीला तो दर्जा नाही, त्यामुळे माझ्या नावापुढे काहीच लागत नाही. आणि मामाने कांगा लीगमध्ये रणजीच्या गोलंदाजांना ओल्या विकेटवर खेळलंय, तेही बिनहेल्मेट. ते मी नाकारत नाही.

डग्लस-होम का थांबले? १९३१ला खासदार झाले, अजून काय पाहिजे? तुमचा मुलगा विद्यापीठाकडून खेळत असेल आणि नोकरी आली, तर घेऊ द्या. आमच्या मामाला विचारायला जाऊ नका.