तळ्यातले देवभात: उपटावे की राखावे?

प्रश्न: गावतळ्याच्या काठी दरवर्षी देवभात (रानभात) उगवते. आता ते आमच्या खाचरातही दिसू लागले आहे. सगळेच काढून टाकावे का? खायला चालते का? पूर्वीची माणसे हेच खात होती, हे खरे का?

उत्तर: तळ्यातले राहू द्या, खाचरातले दिसेल तिथे उपटा.

खायला काहीच हरकत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य, म्हणून काही घरांत आजही देवभात शिजते. छत्तीसगडमध्ये हलषष्ठीला असाच रानतांदूळ ‘पसहर’ नावाने खातात.

पूर्वजांबद्दलचे ऐकलेलेही निराधार नाही. उत्तर प्रदेशात लहुरादेवा येथे तळ्याकाठच्या वस्तीत सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे जळके तांदूळ सापडले. ते रानातून गोळा केलेले की पेरलेले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तो कशावरून सुटतो, हे तुम्हाला हाताने पाहता येईल. देवभाताची लोंबी पिकली की धक्क्यानेच दाणे गळतात आणि दाण्याच्या बुडाशी गुळगुळीत खूण राहते. आपले भात झोडावे लागते, म्हणून तिथे तुटल्याची खडबडीत खूण दिसते. उत्खननातल्या भाताच्या तुसांवर हीच खूण शोधतात. माणसांनी न गळणाऱ्या लोंब्यांचे बी पिढ्यान्‌पिढ्या पेरत नेले, त्यातून आपले पीक घडले.

खाचरात मात्र हा गळण्याचा गुणच घात करतो. कापणीआधीच बी मातीत पडते आणि काही वर्षे तिथे जिवंत राहते. नेहमीच्या तणनाशकांना ते भातापासून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून पेरभात टाळून लावणी करा, ओळीबाहेर उगवलेले रोप बेणणीत काढा. पहिल्या पावसावर उगवलेले चिखलणीत गाडा. लांब, तांबूस कुसळाची लोंबी दिसताच दाणा भरण्याआधी उपटा. बियाणे प्रमाणितच घ्या.

तळ्यातले राखण्याचा आग्रह मी का धरतो? ग्रासी स्टंट या विषाणूरोगाने आशियातले भात होरपळत असताना फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातल्या रानभाताच्या एका नमुन्यात. तो गुण पुढे आयआर-३६ सारख्या वाणांत उतरवला. आपल्या तळ्यात कोणता गुण दडला आहे, हे तपासायला ते तिथे शिल्लक तर हवे! तळ्याचा गाळ काढताना काठाचा एक पट्टा सोडा, दाणे गळेपर्यंत गुरे आत घालू नका आणि ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद करून घ्या.